प्रश्न कोणी काढायचे?

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. माझी नात (पुतण्याची लेक) कॉलेजच्या प्रकल्पासाठी प्रश्नावली घेऊन आली. विषय : वनसंवर्धनात स्थानिकांचा सहभाग. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर जाऊन भरून घ्यायची होती. "आजी, मराठी तेवढं तपासून दे."

चाळीस प्रश्न. सातवा होता, 'आपण झाडे तोडता का? होय/नाही.' मला हसूच आलं. 'होय' कोण लिहील?

त्याच दिवशी संध्याकाळी मुलुंड स्टेशनबाहेर शेवळं विकायला बसलेल्या बाईला मी सहज विचारलं, "सगळी काढून आणता का हो?" ती म्हणाली, "वरचं कापतो, कंद जमिनीतच. तो काढला तर पुढल्या साली काय इकू?"

हे उत्तर त्या चाळीस प्रश्नांत कुठेच मावलं नसतं.

मंडळी, खरं सांगते. १९९७ साली उद्यानातली अतिक्रमणं हटवण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. जंगल वाचवायचं म्हणजे माणसं बाहेर काढायची, एवढीच माझी समज. झोपड्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे वारली पाडे, यांतला फरकही मी केला नव्हता.

मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा-गावाची' वाचलं, आणि ती समज हलली. मेंढा (लेखा) हे गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे तिथे 'अभ्यासगट' रुजले. आधी एकत्र बसून अभ्यास, मग ग्रामसभेत निर्णय, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. मधाचा अभ्यास झाला, आणि माश्या न मारता मध काढण्याची रीत बसली. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. म्हणजे आपल्या उद्यानाच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं जंगल! २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं.

गंमत म्हणजे त्याच २००९ साली एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामायिक मालमत्तेची धूळधाण होते हे काही विधिलिखित नाही, वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि राखण केली तर ती टिकते, हे त्यांनी देशोदेशीचे दाखले तपासून मांडलं होतं.

मुंबईत मेंढा जसंच्या तसं उभं राहील असं मी म्हणत नाही. इथे बिबटे आहेत, बिल्डर आहेत, आणि सकाळी फिरायला जाणारे आपणही आहोत. पण वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. मग पाड्यावरचा माणूस संशोधनात फक्त 'माहिती देणारा' का? प्रश्न आपले, अहवाल इंग्रजीत, आणि त्याच्या हाती काय? फोटोसुद्धा नाही.

शाळेत इतकी वर्षं मी प्रश्नपत्रिका काढल्या. एक पक्कं कळलं आहे, प्रश्न काढणाऱ्याला जेवढं ठाऊक असतं तेवढंच उत्तरात येतं.

प्रश्नावलीतलं शुद्धलेखन तपासून दिलं. खाली शेरा लिहिला, 'यातले निम्मे प्रश्न खोड. ते पाड्यावरच्या लोकांना काढू दे. आणि अहवाल मराठीत लिहून त्यांना वाचून दाखव.'

नात सध्या रुसली आहे. असो. तुम्हाला काय वाटतं, कळवा.