आमच्या लेकीच्या पाचवीला काहीही पुजलेलं नाही!



'दारिद्र्य तर आमच्या पाचवीलाच पुजलंय.' आपल्या वस्तीत हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडणार नाही. नोकरी गेली, पाचवीला पुजलेलं. शाळा सुटली, पाचवीला पुजलेलं. हे आपण इतक्या सहज बोलतो की यात कुणाची सुटका होते याचा विचारही करत नाही. तो विचार आम्हाला करावा लागला, कारण सात आठवड्यांपूर्वी आमच्या घरी मुलगी जन्मली आणि पाचवीची रात्र आमच्याच दारात येऊन उभी राहिली.

बाळंतपण माहेरी करायचं नाही, हे आम्ही नवरा-बायकोने आधीच ठरवलं होतं. माहेरी पाठवलं की बाप सुटतो. मग तो बारशाला नवे कपडे घालून हजर होतो आणि फोटो काढतो. आम्हाला ते नको होतं. मुलीचं वजन भरलं दोन किलो तीनशे ग्रॅम. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. दवाखान्यातून घरी सोडताना परिचारिकेने बजावलं होतं, बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरा, ऊब द्या, दर दोन तासांनी पाजा, तळपायापर्यंत पिवळेपणा उतरला तर थांबू नका. घरी आलो तर आजीने पाटा-वरवंटा धुऊन ठेवला होता. शेजारी कोरा कागद, पेन, हळदकुंकू आणि विळा. पाचव्या रात्री सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाणार!

ज्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, ज्या घरात दर १४ ऑक्टोबरला बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या जातात, त्या घरात हे. आम्ही आवाज चढवला. आम्ही पुस्तकातलं सगळं सांगितलं. आजी शांत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "तुमचं पुस्तक ऱ्हाऊ द्या बाजूला. माझा पयला सातव्या दिवशी गेला. आकडी आली, दातखीळ बसली, दूध ओढंना. मला भ्या वाटतंय."

आम्ही गप्प झालो. हा मुलगा आमच्या घरात कधी कुणी बोलूनच दाखवला नव्हता. थोड्या वेळाने आम्ही विचारलं, "आई, त्याची पाचवी केली नव्हती का?"

"केली हुती की. चांगली केली हुती."

"मग?"

"मग काय. त्याच्या कपाळी तेवढंच लिवलं हुतं."

मित्रांनो, आमचा सगळा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे. आजीविरुद्ध नाही. त्या मुलाची नाळ कशाने कापली होती, हे आम्ही तिला विचारलं. विळ्याने. शेतातल्याच. नाळेवर काय लावलं? शेणाची राख. गरोदरपणात सुई टोचली होती का? "कुठली सुई? दिवस भरले त्या दिवशीपण मी खुरपायला गेले हुते." दातखीळ बसणं, दूध ओढता न येणं, अंग ताठ होणं, ही नवजात बाळाच्या धनुर्वाताची लक्षणं आहेत. हा धनुर्वात साधारण जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत गाठतो. म्हणजे पाचवी-सहावीच्या रात्रीची भीती खोटी नव्हती. आपल्या आया-आज्यांनी त्याच दिवसांत लेकरं गमावली होती, म्हणून त्या त्याच रात्री जागत होत्या. त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. कारण मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. कारण सांगायचं तर आईला लस द्यावी लागते, स्वच्छ पातं द्यावं लागतं, गावात दवाखाना द्यावा लागतो. त्यापेक्षा कोरा कागद स्वस्त!

भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचं २०१५ साली जाहीर झालं. तो सटवाईने हटवला का? गरोदरपणातली लस, दवाखान्यातलं बाळंतपण आणि निर्जंतुक पातं यांनी हटवला. मग जे लस आल्यावर थांबतं, ते 'कपाळी लिहिलेलं' कसं असेल? कपाळावरचं लिखाण जर एका सुईने पुसलं जात असेल, तर ते देवीचं अक्षर नव्हतंच. ते व्यवस्थेचं अक्षर होतं.

यावर आमचे काही अभ्यासू मित्र म्हणतील, सटवाई ही बहुजनांची मातृदेवता आहे, तिला भटजी लागत नाही, मग तिच्यावर राग कशाला? भटजी लागत नाही हे खरं. तिचं मूळ कुठलं, हा वाद अभ्यासकांनी जरूर करावा. आमचा प्रश्न वेगळा आहे. लेखणी कुणाच्या हातात आहे? जन्मलेल्या लेकराचं आयुष्य कुणीतरी दुसऱ्यानेच लिहायचं आणि त्याने ते निमूट वाचायचं, हा विचार भटजीविनाही मनूचंच काम करतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत ते सांगितलंय: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं. हे सुद्धा पहिल्या काही दिवसांतलंच 'लिखाण' आहे. बाबासाहेबांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळलं गेलं, ते हेच लिखाण. पुस्तक जाळलं आणि कपाळ तसंच ठेवलं, असं कसं चालेल?

आणि गंमत बघा. अनेक गावांत नाळ कापायला, विटाळाचं काम करायला आपल्याच जातींतली सुईण लागायची. सवर्णाच्या लेकराला जगात आल्यावर पहिला हात लागायचा तो 'अस्पृश्य' बाईचा. सुवेर फिटला की तोच हात पुन्हा बाटवणारा! पहिल्या दिवशी जीव वाचवणारा हात बाराव्या दिवशी अपवित्र होतो, हे कुठल्या सटवाईने लिहिलं?

आता बाबासाहेबांच्या घराकडे बघा. बाबासाहेब आणि माता रमाई यांना पाच अपत्यं झाली. त्यांतला एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली गेलेला राजरत्न, चौघं लहानपणीच गेली. या माणसाला 'नशीब' म्हणून गप्प बसायचा जेवढा हक्क होता तेवढा कुणाला असेल? ते बसले नाहीत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा होता की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण जो मालक बाईच्या श्रमावर कमावतो त्यालाही हात झटकता येणार नाहीत. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. राजरत्न गेल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. कोरा कागद बाबासाहेबांनीही घेतला मित्रांनो, पण पेन स्वतःच्या हातात ठेवलं आणि त्यावर कायदा लिहिला!

त्या कायद्याचं आज काय झालं? २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. छान. पण कुणाला? दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत नोंद असलेल्या बाईला. आपल्या बाया कुठे आहेत? चार घरची धुणीभांडी, बांधकामावरची बिगारी, ठेकेदाराकडची सफाई, ऊसतोड. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. बाई बाळंत झाली म्हणून खाडा पडला तर मुकादम दंड लावतो. तिथे २६ आठवडे सोडा, २६ दिवस कोण देतं? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये द्यायचं कबूल केलं. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला पाच हजार मिळतात. दुसऱ्या अपत्याला सहा, तेही मुलगी झाली तरच. कायद्यातल्या किमान आकड्यापेक्षा योजनेचा आकडा कमी, आणि तिसऱ्या लेकराच्या आईच्या कपाळी काहीच नाही. हे लिखाण कुणाच्या अक्षरातलं आहे? ते वाचायला शिका!

आमच्या घरी पहिल्या सहा आठवड्यांत सहा वेळा एक बाई येऊन गेली. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आशाताई. तिने वजन केलं, अंगाचा ताप पाहिला, बेंबी पाहिली, छाती आत ओढली जाते का ते पाहिलं. बाळगुटी, बेंबीत तेल, डोळ्यांत काजळ आणि कोंडलेल्या खोलीतली धुरी, हे चारही बंद करायला आजीला तिनेच पटवलं, आमच्या भाषणाने नाही. घरी जाऊन नवजात बाळाची अशी काळजी घेण्याचा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत झाला. खेड्यातल्या बायकांना शिकवून नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करता येतात, हे त्याने दाखवलं. आणि या सहा भेटींचे त्या आशाताईला मिळतात अडीचशे रुपये. सरकारच्या कागदावर ती कामगार नाहीच, 'स्वयंसेविका' आहे. जुन्या सुईणीला सूपभर धान्य आणि वर विटाळ, नव्या सुईणीला मानधन आणि वर कौतुक. फरक किती झाला, तुम्हीच ठरवा.

आता थोडं आमच्याबद्दल. दुसऱ्यावर बोट दाखवून लेख संपवणं सोपं आहे. बाळ नऊ दिवसांचं असताना आमच्यातला बाप जयंतीच्या मंडळाच्या बैठकीला गेला आणि रात्री साडेअकराला परतला. डीजे किती रुपयांचा, यावर चार तास चर्चा झाली. घरी आमच्यातली आई ताप अंगात घेऊन बसली होती, आजी बाळाला छातीशी धरून. त्या रात्री आमचं भांडण झालं आणि ते योग्यच झालं. सटवाई नाकारणं सोपं, कारण त्याला एक वाक्य पुरतं. रात्री तीनला उठून बाळाला छातीशी धरून बसायला ते वाक्य पुरत नाही. समतेवर भाषण करणाऱ्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या लेकराचे लंगोट धुतलेत? ज्याने धुतले नसतील त्याने आजीच्या पाटा-वरवंट्याला हसू नये.

काहीजण विचारतील, ॲट्रॉसिटी, आरक्षण, बेरोजगारी सोडून हा काय विषय काढला? मित्रांनो, आपल्या देशात पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलं पहिल्या २८ दिवसांतच जातात. जे लेकरू विसावा दिवस पाहत नाही, त्याला आरक्षण काय कामाचं? आणि जे जगतं त्याचा पहिला कागद कुठला? जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. आपल्या किती घरांत सटवाईचा कागद ठेवला गेला आणि जन्माचा दाखला राहून गेला? मग वीस वर्षांनी जातपडताळणीला १९५० पूर्वीचा पुरावा मागतात आणि आपण आजोबांचं नाव शोधत जुन्या दप्तरांची धूळ झटकत फिरतो.

म्हणून काही कामं सांगतो. प्रत्येक विहारात वस्तीतल्या गरोदर बायांची यादी ठेवा. जयंतीच्या वर्गणीतून आधी बाळंतिणीच्या रोजीचे पैसे बाजूला काढा, उरले तर डीजे. जन्मनोंद आणि मातृवंदनेचे अर्ज तरुणांनी घरी जाऊन भरून द्या. आशाताईंच्या मोर्चात निळा झेंडा घेऊन सामील व्हा. आणि बापांनो, सहा आठवडे बैठकांना सुट्टी घ्या. चळवळ थांबत नाही.

पाचव्या रात्री आमच्या घरी काय झालं, ते राहिलं. पूजा झाली नाही. पण आजीला आम्ही म्हणालो, "आई, जागायचं मात्र आहे. तुझी भीती खरी आहे." पाटा-वरवंटा स्वयंपाकघरात परत गेला. विळाही गेला. कोऱ्या कागदाच्या जागी लसीकरणाचं कार्ड ठेवलं. तिघंही आळीपाळीने जागलो: किती वेळा पाजलं, किती वेळा लघवी झाली, पाय गरम आहेत का, श्वास किती. सगळं त्याच पेनाने, आपल्या हाताने लिहिलं. पहाटे आजीने ते कार्ड उचललं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यात धनुर्वाताची सुई हाय का?"

आम्ही म्हणालो, "आईला गरोदरपणी झाली. हिला सहाव्या आठवड्यापासून."

ती सुई गेल्या आठवड्यात झाली. पोर खूप रडली. आजीही रडली, पण वेगळ्या कारणाने. त्या दिवसापासून ती आपल्या पहिल्या मुलाबद्दल 'कपाळी लिवलं हुतं' म्हणत नाही. ती म्हणते, "त्याला सुई मिळाली न्हाई."

मित्रांनो, आंबेडकरी चळवळीचं काम म्हणजे आपल्या घराघरांत एवढंच वाक्य बदलणं आहे.

जय भीम! जय संविधान!