वर्गासाठी दुर्बीण: भिंगाची की आरशाची?

वर्गणी काढून वर्गासाठी एक दुर्बीण घ्यावी, हे बहुतेक पालकांना पटले आहे. प्रश्न उरतो तो कोणती, हा. अंगणातून ग्रह बघायचे एवढाच हेतू धरला, तर आमचे मत ६ इंची आरशाच्या डॉब्सन दुर्बिणीला आहे.

भिंगाची दुर्बीण सुटसुटीत असते. ७० मिलिमीटरच्या भिंगातूनही शनीची कडी, गुरूचे चार चंद्र आणि त्याचे दोन ठळक पट्टे दिसतात. पण साध्या भिंगातून तेजस्वी ग्रहाभोवती जांभळट झालर येते, आणि मोठे, निर्दोष भिंग फार महाग पडते. आरशात ही झालर नसते. न्यूटनने १६६८ मध्ये आरशाची दुर्बीण केली ती याच कारणाने. शिवाय १५० मिलिमीटरचा आरसा त्या भिंगाच्या दुप्पट बारकावे दाखवू शकतो.

काहींना बटण दाबताच ग्रह शोधणारी दुर्बीण हवी आहे. मग मुलांनी करायचे काय? डॉब्सनची नळी पेटीसारख्या साध्या बैठकीवर असते आणि हाताने फिरवावी लागते. १२० पट मोठा केलेला गुरू दीड-दोन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो. त्याच्यामागे नळी सरकवताना पृथ्वी फिरते हे मुलांच्या हाताला कळते. हे शिक्षण आम्हाला मोलाचे वाटते.

खोर फक्कानची खारी, दमट हवा आरशाच्या मुलाम्याला मानवत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून वापर संपला की झाकणे लावून दुर्बीण घरात ठेवावी. एसीच्या खोलीतून बाहेर आलो की चष्म्यावर वाफ धरते, तशी आरशावरही धरते. तेव्हा झाकणांसह ती तासभर आधी बाहेर आणावी. आरसा अधूनमधून जुळवावा लागतो, ते एखाद्या पालकाने शिकून घ्यावे.

आपल्या पश्चिमेला डोंगर आहेत, त्यामुळे मावळतीचे ग्रह लवकर झाकले जातात. पूर्वेला मात्र मोकळा समुद्र आहे. तिकडून उगवलेला ग्रह चांगला वर येऊ द्यावा. रस्त्यावरच्या दिव्यांनी ग्रहदर्शनात फारसे बिघडत नाही.

मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेवरून, रेघेसारखी झाली होती. २०३२ च्या सुमारास ती सर्वांत रुंद दिसतील. हा बदल मुलांनी वर्षागणिक स्वतः बघावा, म्हणून खरेदी लांबवू नये.

आणि मुलांनो, दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही!