मुंबईला माणुसकी नाही?

"मुंबईत कुणी कुणाचं नसतं. भिंतीपलीकडं माणूस मेला तरी कळत नाही." पारावर बसून असे सांगणारी माणसे आमच्या पलूस भागात उदंड आहेत. गंमत अशी की, त्यांतील कित्येकांच्या घरची चूल मुंबईच्या पैशावर पेटते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मीही त्यांच्याच सुरात सूर मिसळत होतो.

त्या सुट्टीत चुलत्यांकडे जाण्यासाठी किर्लोस्करवाडीला रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो. उतरताच धक्का बसला, तोही अगदी खांद्याला! कुणी थांबत नव्हते, कुणी वळून पाहत नव्हते. वाशीची गाडी कुठे लागते असे एकाला विचारले, तर त्याने चालता चालताच नुसता हात करून दाखवला. मनात म्हटले, पारावरची मंडळी खोटे बोलत नाहीत.

लोकलमध्ये बाक तिघांचा. मी पिशवी सांभाळत उभा होतो. कडेच्या गृहस्थांनी वर न पाहताच अंग चोरले आणि चौथ्यापुरती जागा केली. ना ओळख, ना पाळख. तिथे ही रोजची रीत आहे आणि तिला 'चौथी सीट' म्हणतात, हे मागाहून कळले. मला आमचे एस. टी. स्टँड आठवले. खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेसाठी गाववाल्याशी हमरीतुमरीवर येणारे आम्ही, माणुसकीवर व्याख्याने देतो!

माझे चुलते, तात्या, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी आहेत. या कामात आपल्या सातारा-सांगलीकडची माणसे फार. पाटण भागातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यामुळे हमालाला भविष्य निर्वाह निधी, बोनस असे हक्क मिळाले. त्याआधीच्या पिढीतले आमचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा ते ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचेच. आजोबा परतले; पुढे तात्या गेले. रानाच्या तुकड्यावर घर भागत नाही, हे त्याचे साधे कारण.

तात्या म्हणाले होते, "आलायस तर दोन दिस ऱ्हा. पर बाजारात येऊ नगंस." मी गेलोच. ट्रकच्या फळीवरून पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन एक माणूस वाकून उतरत होता. चेहरा दिसला तेव्हा ते तात्या होते. यात्रेला इस्त्रीचा पांढरा सदरा घालून येणारे, पेढ्यांचा पुडा आणणारे आमचे तात्या! त्यांनी मला पाहिले आणि मान फिरवली. पुढच्या तीन गोण्या त्यांनी माझ्याकडे न बघता वाहिल्या. मग टॉवेलने घाम पुसत जवळ आले आणि टोळीला म्हणाले, "ह्यो आमचा पुतण्या. बी. ए. ला हाय." साऱ्या टोळीने काम थांबवून माझ्याकडे पाहिले. एका म्हाताऱ्या हमालाने मला चहा पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. निघताना तात्या एवढेच म्हणाले, "आजीला सांग, काम बसूनच हाय."

मागल्या वर्षी चांगला मोबाईल घेऊन दिला नाही म्हणून मी या माणसावर महिनाभर रुसलो होतो. फोन उचलत नव्हतो.

मुंबईत सारे गोड आहे असे मी म्हणत नाही. तात्यांच्या खोलीत गावचे सहाजण पाळीपाळीने झोपतात. लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसे पाहून पोटात गोळा येतो. पण तिथे माणुसकी नाही हे मला आता पटत नाही. तिथे नाही ती सवड. घाईत असलेला माणूस गोड बोलत नाही. पण सरकून जागा देतो. आमच्याकडे सवड भरपूर आहे. तरीही 'मुंबईहून काय आणलंस?' असे विचारणाऱ्या आम्ही, 'तिथं काय करतोस, पाठ दुखते का?' असे कधी विचारले आहे काय?

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जणांची फी अशाच कुणाच्या पाठीवरून येत असेल. पुढल्या यात्रेला तो मुंबईकर एस. टी. त चढेल, तेव्हा त्याच्या पिशवीकडे नको, त्याच्याकडे पाहू या. आणि रुमाल उचलून थोडे सरकू या.