क्लासिक की क्लासिकल?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर अभिनंदनाचे मेसेज धडाधड येऊन पडले. त्यात एक गंमत होती. अर्ध्या जनतेनं लिहिलं होतं, मराठी आता ‘क्लासिकल लँग्वेज’. उरलेल्यांनी लिहिलं, ‘क्लासिक लँग्वेज’. म्हणाल, शेवटचं ‘अल’ गळालं तर एवढं काय बिघडलं? मंडळी, बरंच बिघडतं!

आधी सोपं करून घेऊ. ‘क्लासिक’ म्हणजे आपल्या प्रकारात एक नंबर, किंवा अगदी नमुनेदार. ‘शोले’ क्लासिक. सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह क्लासिक. डेडलाइनच्या दिवशीच सर्व्हर बसला तर तोही क्लासिक केस. ‘क्लासिकल’चं तसं नाही. तो शेरा नाही, तो कप्पा आहे. जुनी, नियमात बांधलेली परंपरा असली की ‘क्लासिकल’. क्लासिकल संगीत, क्लासिकल नृत्य, ग्रीक-लॅटिनसारख्या क्लासिकल भाषा.

ओळखायची एक झकास टेस्ट आहे. एखादा गवई भर मैफलीत बेसूर गायला तरी तो गातो ते क्लासिकलच. लोक उठून गेले तरी कप्पा बदलत नाही. क्लासिकचं मात्र तसं चालत नाही. जमलं नाही तर ते क्लासिक नाहीच, विषय संपला. दोन्ही एकदम हवं असेल तर ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत. गाणं क्लासिकल, नाटक क्लासिक.

कोका-कोलानं १९८५ मध्ये आपली चव बदलली, ग्राहक भडकले, तेव्हा तीन महिन्यांच्या आत जुनी चव परत आणली आणि तिला ‘क्लासिक’ नाव दिलं. ‘कोक क्लासिकल’ म्हटलं असतं तर लोकांना वाटलं असतं, बाटलीबरोबर तानपुरा फ्री आहे. तेव्हा पुढच्या वेळी मेलमध्ये ‘क्लासिकल एक्झाम्पल’ टाइप करण्याआधी बोट थांबवा. तुम्हाला बहुतेक वेळा ‘क्लासिक’च म्हणायचं असतं.

दोन्ही शब्दांचं मूळ एकच, लॅटिन ‘क्लासिकुस’. रोममध्ये वरच्या वर्गातल्या धनिक नागरिकाला ते विशेषण लागायचं. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियस या लेखकानं ते लेखकांना लावलं: अव्वल दर्जाचा लेखक तो क्लासिकुस. आता आपला शब्द बघा. ‘अभिजात’ म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला. योगायोग म्हणा, पण दोन्हीकडे सुरुवात खानदानापासूनच. फरक एवढाच की इंग्रजीत पुढे दोन शब्द झाले आणि आपल्याकडे अभिजात संगीत, अभिजात कादंबरी, अभिजात भाषा अशी तिन्ही कामं एकच शब्द करतो. हिंदीवाल्यांनी सरळ ‘शास्त्रीय भाषा’ म्हटलं आणि घोळ टाळला. आपला घोळ सुरू होतो तो इथे.

कारण सरकारनं दिलेला दर्जा ‘क्लासिकल’चा आहे. निकष वय आणि पुरावा यांचे आहेत: दीड ते दोन हजार वर्षांचा लिखित इतिहास, जुनं साहित्य, शिलालेख. तामिळला हा मान २००४ मध्ये सर्वात आधी मिळाला. मराठीसाठी रंगनाथ पठारे समितीनं अहवाल तयार केला, त्यात नाणेघाटातला शिलालेख आणि महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथा सप्तशती’ इथपर्यंत धागा नेला. म्हणजे हे आपल्या भाषेचं वयाचं सर्टिफिकेट झालं. भाषा आज किती जोरात आहे, याचं ते सर्टिफिकेट नव्हे.

मग मराठीतलं क्लासिक कुठे शोधायचं? गाडी अमरावतीकडे वळवा. मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाची काशीच म्हणा ना. चक्रधर स्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथेच राहिले. चक्रधरांनंतर नागदेवाचार्य आणि मंडळी इथे आली आणि म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहायला घेतलं. साल साधारण १२७८ मानतात. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. गोविंदप्रभूंच्या लीळा सांगणारं चरित्रही त्यांचंच. महदाइसेचे ‘धवळे’ही इथलेच, म्हणजे मराठीतली पहिली कवयित्रीसुद्धा रिद्धपूरचीच.

म्हाइंभटांची पद्धत तर आजच्या रिपोर्टरलाही लाजवेल. चक्रधरांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठायचं, विचारायचं, दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितलं तर दोन्ही नोंदवायचं, कोणी सांगितलं तेही लिहायचं. आणि भाषा? माणसं बोलत होती तीच. छोटी वाक्यं, सरळ संवाद. पंथातले विद्वान संस्कृतात लिहू शकत होते, पण नागदेवाचार्यांचा आग्रह मराठीचा होता. संस्कृतात गेलो तर साध्या बायाबापड्यांना काय कळणार, हा त्यांचा रोकडा सवाल.

पण स्टोरीत ट्विस्ट आहे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ सुरक्षित राहिले आणि बाहेरच्या मराठी माणसाला शेकडो वर्षं वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीचं कोडं सोडवलं, मग छापील आवृत्त्या निघाल्या. गोविंदप्रभूंचं चरित्र तर १९८४ मध्ये ॲन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी इंग्रजीतही नेलं. त्या मधल्या काळात ‘लीळाचरित्र’ जुनं होत होतं, पण बाहेरच्यांसाठी क्लासिक नव्हतं. कुलपात ठेवलेली वस्तू फक्त म्हातारी होते. क्लासिक व्हायला वाचणारा लागतो.

आज रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी कामही सुरू झालं. उत्तमच. पण तिकडे हिंजवडीच्या कँटीनमध्ये अमरावतीचा एखादा पोरगा ‘मी जेवून राहिलो ना बे’ म्हणाला की टेबलावर खसखस पिकते. चार दिवसांत तो बिचारा वऱ्हाडी गिळून ‘प्रमाण’ बोलायला लागतो, आठव्या दिवशी थेट इंग्रजी. हसणाऱ्यांच्या स्टेटसवर मात्र ‘अभिमान आहे मराठी असल्याचा’ झळकत असतं! ज्या जिल्ह्यात मराठी गद्य बोलीतून कागदावर उतरलं, तिथल्याच बोलीची टर उडवायची आणि दर्जाचे पेढे वाटायचे. इसको बोलते हैं क्लासिक केस.

क्लासिकलचा शिक्का दिल्लीहून मिळाला, तो कोणी काढून घेणार नाही. क्लासिकचा शिक्का मात्र दिल्ली देत नाही. तो तुम्ही-आम्ही देतो, वाचून, बोलून, लिहून. तेव्हा या वीकेंडला ‘लीळाचरित्रा’ची एखादी संपादित, टीपांसह आवृत्ती उघडा आणि चार लीळा मोठ्यानं वाचा. वऱ्हाडातला कलीग शेजारी बसत असेल तर त्यालाच वाचायला सांगा. आणि या वेळी तो बोलायला लागला की हसू नका, ऐका.