रिपोर्टवर शून्य आल्यावर

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रत्नागिरी



लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की आपल्याकडे गाऱ्हाणी घातली जातात, कौल लावले जातात, सोनोग्राफ्या होतात. सगळं बाईच्या नावानं. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी सर्वांत शेवटी, तीही चाकरमानी गणपतीला गावी आला तर. खरं तर अशा साधारण निम्म्या जोडप्यांत कारणाचा काही वाटा पुरुषाकडे असतो. मुरूडच्या कर्वे घराण्यातले र. धों. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात असल्या गोष्टी उघड लिहीत होते, त्यांच्याच जिल्ह्यात आपण अजून कुजबुजतो.

पण मला बोलायचंय ते तपासणीनंतरचं. ‘शुक्राणू शून्य’ असं वाचलं की माणूस दवाखान्याची पायरीच सोडतो. कारण मात्र कधी कधी त्याच्या गुणसूत्रांत असतं. दर सहा-सातशे पुरुषांत एकाला एक्स गुणसूत्र जास्तीचं मिळालेलं असतं. या क्लाइनफेल्टर सिंड्रोमचं वर्णन १९४२ सालचं, गुणसूत्राचा उलगडा १९५९चा. तरी बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. टेस्टोस्टेरॉन कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात. मधुमेह, शिरांतल्या गुठळ्या, अगदी स्तनाचा कर्करोग, यांचा धोका इतर पुरुषांपेक्षा जास्त. मूल हवं असो वा नसो, हा तुमचा पेशंट आहे.

काहींच्या वाय गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असतो. त्यातला ‘एझेडएफ-ए’ हा भाग पूर्ण गेला असेल, तर वृषणातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया म्हणजे पैसे पाण्यात. ‘सी’ गेला असेल तर शुक्राणू मिळू शकतात, पण त्यांतून मुलगा झाला तर तीच उणीव त्याच्याकडे जाते. हे जोडप्याला कर्ज काढण्याआधी कळायला नको?

म्हणून आठवड्यातून एक ओपीडी पुरुषांसाठी ठेवा. वीर्याच्या वाटेत अडथळा नसताना शून्य आलेल्या प्रत्येकाची कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची पाहणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी व्हावी; सोबत साखर आणि टेस्टोस्टेरॉन, गरज पडल्यास हाडांची घनता. इथे सोय नसेल तर रक्त मुंबईला पाठवा. कॅरिओटाइपला जिवंत पेशी लागतात, म्हणून रक्त वेळेत पोचायला हवं; तेही जमण्यासारखं आहे. कोकण रेल्वेनं रात्री निघालेली नळी सकाळी तिथे पोचते.

आणखी एक. जिल्ह्यातल्या डॉक्टरांना कळवा की मूल हवं असलेल्या पुरुषाला ‘ताकदीचं’ म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊ नये. त्यानं उरलेसुरले शुक्राणूही थांबतात.

आणि ओपीडीच्या पाटीवर ‘वंध्यत्व’ नको, ‘पुरुष आरोग्य’ लिहा. बाहेरच्या बाकावर वाडीतलं कुणीतरी बसलेलं असणारच.

आपला,
रत्नागिरीतला एक रहिवासी