उंदराच्या मिशा आणि घरातली विषाची पुडी

पुण्यात दांडेकर पुलाजवळ २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि भरदिवसा शेकडो घरांत पाणी शिरले. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरली, असे कारण तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी दिले. त्यावर पुष्कळ टीका झाली, विनोदही झाले. देखभाल कोणी करायची, हा प्रश्न रास्तच होता. पण हाच कालवा पुढे दौंड-इंदापूरकडे जातो, आणि तिथल्या शेतकऱ्याला घुशीचे नाव ऐकून हसू येत नाही. घूस बांध पोखरते, चारीचे पाणी बिळातून भलतीकडे जाते, हे तो दर आवर्तनाला पाहतो.

इंदापूर तालुक्यातील निरवांगी हे नीरा नदीकाठचे गाव. हा पट्टा उसाचा. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो. इतके दिवस नांगर नाही, माणसांची वर्दळ कमी, खायला गोड कांडे आणि शेजारी मऊ मातीचा बांध. घुशीला आणि शेतउंदराला आणखी काय हवे? ऊस लोळला की नुकसान दिसू लागते आणि मग तालुक्याच्या गावाहून विषाची पुडी आणली जाते. उंदीर काही दिवस कमी दिसतात, पुन्हा वाढतात, पुन्हा पुडी येते. उरलेली पुडी मात्र घरातच राहते.

विष पुन्हा पुन्हा का अपुरे पडते, याचे उत्तर बरेचसे उंदराच्या मेंदूत आहे.

अंधारातले बोट

उंदराची नजर माणसाच्या तुलनेत फारच धूसर असते. बिळात तर ती असून नसल्यासारखी. तिथे त्याला वाट दाखवतात त्याच्या मिशा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना ओळींत मांडलेल्या या लांब केसांच्या मुळाशी मज्जातंतूंचे दाट जाळे असते. चालताना उंदीर मिशा सेकंदाला साधारण आठ वेळा पुढे-मागे हलवतो. आपण अंधारात भिंत चाचपडतो, तसेच हे, पण कितीतरी वेगाने. पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत, हे मिशांनी ओळखण्यात उंदीर माणसाच्या बोटाच्या टोकाशी बरोबरी करतो, हे प्रयोगांतून दिसले आहे.

मिशीला झालेला स्पर्श चेहऱ्याच्या मज्जातंतूतून मेंदूच्या देठाकडे, तिथून थॅलॅमस या मधल्या केंद्राकडे आणि शेवटी मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या बाह्यस्तरात पोहोचतो. १९७० मध्ये थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हॅन डर लूस या शास्त्रज्ञांना उंदराच्या मेंदूच्या या भागात पेशींचे छोट्या पिंपांसारखे पुंजके दिसले. ते मोजले तेव्हा लक्षात आले, की चेहऱ्यावर मिशा ज्या ओळींत आहेत, त्याच ओळींत हे पुंजके आहेत. एका मिशीला एक पुंजका. जणू चेहऱ्याचा नकाशाच मेंदूवर उमटला आहे.

पिल्लू जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मिशीच्या मुळाला इजा झाली, तर तिचा पुंजका नीट तयार होत नाही. तीच इजा पुढे मोठेपणी झाली, तर नकाशाची ही मांडणी तशी विस्कटत नाही. मेंदू घडण्याचा ठरावीक काळ असतो, हे समजून घ्यायला या संशोधनाचा मोठा उपयोग झाला. नवजात बाळाचा मोतीबिंदू किंवा बहिरेपण लवकर शोधा, असा आग्रह डॉक्टर धरतात त्यामागे हेच तत्त्व आहे.

पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, अंगावर जवळजवळ केस नसलेला एक उंदीर आहे. तो दातांनी बीळ खोदतो. २००२ मध्ये केनेथ कॅटानिया आणि मायकेल रेंपल यांनी दाखवले, की त्याच्या मेंदूतील स्पर्शाच्या भागापैकी सुमारे ३१ टक्के जागा फक्त पुढच्या दातांसाठी आहे. माणसाच्या मेंदूत अशीच मोठी जागा ओठांना आणि हाताच्या बोटांना मिळालेली आहे. ज्या अवयवाने जग कळते, त्याला मेंदूत जास्त जागा, असा हा हिशेब आहे.

कडेने चालणारा शत्रू

आता पुन्हा बांधावर येऊ. ज्याचे जग मिशांच्या टप्प्याएवढे आहे, तो मोकळ्या जागेत असुरक्षित असतो. म्हणून उंदीर भिंतीच्या, बांधाच्या, गवताच्या कडेने चालतो, कारण एका बाजूच्या मिशांना सतत आधार लागतो. त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. त्या वाटेवर नवी वस्तू आली की तो बिचकतो आणि कित्येकदा काही दिवस तिच्याकडे फिरकत नाही. इथे स्पर्शाला वास आणि चवीची जोड मिळते. झिंक फॉस्फाइडसारखे विष लवकर परिणाम करते. थोडेसे खाऊन जो उंदीर आजारी पडतो पण वाचतो, तो ते आमिष पुन्हा खात नाही. म्हणूनच आधी दोन-तीन दिवस बिनविषाचे आमिष देऊन मगच विषाचे द्यावे, असे कृषी विभाग सांगतो. घाईत हे राहून जाते. शिवाय एकाने आपल्या रानातले उंदीर मारले तरी शेजारच्या रानातले मोकळ्या बिळांत येऊन राहतात.

पुडी घरात आल्यावर

ग्रामीण भागात या पदार्थाला सर्रास ‘उंदराचे औषध’ म्हणतात. हा शब्दच फसवा आहे. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी संयोग पावून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करते. काही तासांत उलट्या, धाप, रक्तदाब कोसळणे, असा क्रम सुरू होतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर आणखी दगा देणारी. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग रुग्णाला एक-दोन दिवस बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात, आणि त्यानंतर कावीळ व रक्तस्राव दिसतो. तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. या दोन्ही विषांवर हमखास उतारा नाही. रागाच्या भरात उचललेली पुडी आणि लहान मुलाच्या हाती लागलेली ट्यूब, दोन्हींचा शेवट अतिदक्षता विभागात होऊ शकतो.

असे घडल्यास मीठपाणी पाजून उलटी काढू नये. विषाचे वेष्टण सोबत घेऊन, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून लगेच रुग्णालय गाठावे. बरे वाटते म्हणून घरी थांबू नये. जीव द्यावासा वाटत असल्याचे कोणी बोलून दाखवले, तर आधी घरातली पुडी दूर करावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

मग करायचे काय?

उंदीर कडेच्या आधाराने जगत असेल, तर आधी तो आधार काढला पाहिजे. बांध आटोपशीर ठेवावेत, त्यांवरचे गवत काढावे, पाचटाचे ढीग बांधालगत रचू नयेत. संध्याकाळी सगळी बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील तीच वापरातली. आमिष ठेवायचेच असेल तर त्याच बिळांत ठेवावे, रानभर पसरू नये. पुरेल एवढेच आणावे आणि घरात, स्वयंपाकघरात तर मुळीच साठवू नये. धामण आणि घुबड दिसताच मारू नयेत. ते फुकट राबणारे राखणदार आहेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात अनवाणी काम करू नये.

हे सगळे एकट्या शेतकऱ्याने करून भागणार नाही. उंदरांची संख्या वाढण्याआधी, उन्हाळ्याच्या अखेरीस, संपूर्ण शिवाराने एकाच आठवड्यात ही मोहीम घ्यायला हवी. ग्रामपंचायत, पाणीवापर संस्था आणि साखर कारखान्याचा शेतकी विभाग यांना ते सहज जमण्यासारखे आहे. कालव्याच्या भरावाची पाहणी मात्र पाटबंधारे खात्यालाच करावी लागेल. घूस तिच्या मेंदूत आहे तसेच वागते. ती मऊ, दुर्लक्षित कड शोधणारच. ती कड दुर्लक्षित ठेवायची की नाही, हे माणसाच्या हातात आहे.