मोडलेलें बोट आणि धातूची पट्टी

बैलाचा पाय दुखावला तर शेतकरी हातचें काम टाकून धांवतो. परंतु स्वतःचें बोट मोडलें तर तेल चोळून, फडकें गुंडाळून दुसऱ्या दिवशीं पुन्हां शेतावर जातो. ही रीत आतां सोडली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मनगटासह हाताच्या पंजांत २७ हाडें असतात. कडबाकुट्टीचें चाक किंवा मळणीयंत्राचा पट्टा यांत त्यांपैकीं एखादें सहज मोडतें. तुकडे जागेवर असतील तर शेजारच्या बोटाशीं बांधून किंवा आधाराची पट्टी देऊन हाड बहुधा कांहीं आठवड्यांत जुळतें. तेथें शस्त्रक्रियेचें कारण नाहीं. परंतु तुकडे सरकले, बोट पिळलें किंवा सांध्यांत तडा गेला, तर नुसतें बांधून भागत नाहीं. पिळलेलें हाड तसेंच जुळलें कीं मूठ मिटतांना एक बोट दुसऱ्यावर चढतें, आणि विळ्यावरची पकड कायमची जाते.

अशा वेळीं शल्यवैद्य तुकडे जागीं बसवून त्यांवर टायटॅनियमची किंवा पोलादाची बारीक पट्टी स्क्रूंनीं जखडतात. आधार पक्का असल्यानें बोट थोड्याच दिवसांत हलवितां येतें व सांधा आखडण्याचें भय कमी होतें. पट्टीचा मुख्य लाभ तो हाच. हाड घट्ट धरावें व अवयव लौकर हलवावा, या तत्त्वाचा प्रसार १९५८ सालीं स्वित्झर्लंडांत स्थापन झालेल्या 'एओ' या शल्यवैद्यांच्या मंडळानें जगभर केला.

तथापि पट्टी म्हणजे रामबाण नव्हे. बोटाच्या हाडालगत कंडरा सरकत असतात. त्या पट्टीपाशीं चिकटल्या तर बोट ताठतें. म्हणून पुष्कळदां तारच पुरेशी होते, व ती स्वस्तहि पडते. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनीं तारा व बाहेरील दांडे यांची 'जेस' पद्धति रूढ केली. उघड्या, मळलेल्या जखमेंत ती उपयोगी पडते. 'पट्टी कां, तार कां नको?' असें डॉक्टरांस विचारण्यांत संकोच कसला?

पनवेल तालुक्यांतील वाचकांस त्यासाठीं मुंबई गांठण्याचें कारण नाहीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि पुढें कामोठें या खाडीकांठच्या गांवाचें शहर झालें. तेथें महात्मा गांधी मिशनचें वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. शेतें गेल्याचें दुःख खरें. पण दारांत आलेल्या सोयीचा लाभ न घेणें हें दुसरें नुकसान होय.

महसुली कागद पाहण्यांत आयुष्य गेल्यामुळें आणखी एक गोष्ट सांगतों. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेंत दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख व एक हात किंवा पाय निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. ताठलेल्या बोटास त्या कोष्टकांत जागा नाहीं. ज्याची पकड गेली त्याची शेती अर्धी गेली. सरकारनें पकडीचाहि हिशेब धरावा, अशी आमची मागणी आहे.

ती मान्य होईपर्यंत वेळेवर उपचार हाच आपला विमा. बोट सुजलें व वांकडें दिसलें कीं आठवडा न दवडतां क्ष-किरण चित्र काढावें, बिडी बंद ठेवावी, आणि शस्त्रक्रियेनंतर सांगितलेला व्यायाम दुखलें तरी चुकवूं नये. पट्टी हाड धरून ठेवील. मूठ मात्र ज्याची त्यानेंच परत मिळवावी लागते.